‘नस’ एक, दुखणी तीन

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी विडी वळते. हे पत्र मुलीनं मोबाईलवर लिहून दिलंय. आमचे मालक ५८ वर्षांचे. तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम केलं. आठ वर्षांपासून शुगर आहे. विडी रोज दीड बंडल. वर्ष झालं, चालताना डाव्या पोटरीत गोळा येतो. रिक्षा स्टॉपला जाताना दर वेळी त्याच लाइटच्या खांबापाशी थांबतात, मोबाईल बघितल्यासारखं करतात आणि मग पुढं निघतात. एका डॉक्टरांनी मणक्याची नस दबली म्हणून पट्टा दिला. भावजी म्हणाले शिरा फुगल्यात, त्यांनी घट्ट पायमोजे आणून दिले. आता चपलेचा अंगठा घासून डाव्या अंगठ्याला जखम झालीय. २४ दिवस झाले, भरत नाही, कडेनं काळी पडायली. रात्री झोप नाही, पाय खाटेखाली सोडून बसतात. मी मीठ घालून गरम पाण्यात पाय बुडवायला देते. मोठ्या दवाखान्यात चला म्हटलं की म्हणतात, ‘तिथं गेलं की आधी बोट कापतात, मग पाय.’ आमच्या गल्लीत दोघांचं तसंच झालं. चालणं बंद करावं का? खर्चाचं काय? आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा जवळ आली. दर वर्षी मिरवणुकीत नंदीध्वजाच्या उंच काठ्यांसोबत अनवाणी शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांना जातात. मागच्या वर्षी अर्ध्यातून परत आले. यंदा जाऊ द्यावं का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, घाईचं आधी सांगतो, बाकीचं नंतर निवांत वाचा. मालकांना उद्याच्या उद्या सिव्हिलच्या सर्जरी विभागात न्या, किंवा जवळच्या सर्जनला दाखवा. पुढचा सोमवार, पगाराचा दिवस, पाहुणे येऊन गेल्यावर, असलं काही मधे आणू नका. न भरणारी जखम, काळी पडत चाललेली कड आणि रात्री पाय खाली सोडल्याशिवाय झोप नाही, ही तिन्ही एकत्र आली की पायाला जगण्यापुरतंही रक्त पोचत नाही असं आम्ही धरतो. पोटरीतला गोळा वर्षभर थांबला. ही जखम थांबणार नाही.

ते घट्ट पायमोजे आजच काढा. आधीच कमी रक्त पोचणाऱ्या पायाला बाहेरून आवळणं म्हणजे उरलंसुरलं तोडणं. गरम पाणीही बंद करा. शुगरमुळं त्यांच्या तळपायाची जाणीव बोथट झालेली असणार, पाणी किती कढत आहे ते पायाला कळणारच नाही आणि भाजलं तरी ते सांगणार नाहीत. शिवाय ऊब मिळाली की कातडी जास्त रक्त मागते, आणि तेच तर तिथं नाही. जखम साध्या पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्यांत कोरडं पुसा, स्वच्छ कोरडं गॉज सैल ठेवा. हळद नको, कुठलं मलम नको, काळा भाग ब्लेडनं खरवडायचा तर विचारही नको. जखमेला वास यायला लागला, लाली वर चढायला लागली किंवा ताप आला, तर उद्याचीही वाट बघू नका.

आता त्या खांबाकडं येतो.

तुमच्या सगळ्या पत्रात माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची ओळ ती आहे. माणूस दर वेळी त्याच खांबापाशी थांबतो, दोन-तीन मिनिटं उभा राहतो, गोळा जातो, परत तेवढंच अंतर चालतो आणि परत थांबतो. पायाची धमनी आतून अरुंद झाल्याची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही. आणि मोबाईल बघण्याचं नाटक तर मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पेशंटलाच विचारतो, ‘थांबल्यावर काय बघता?’ कुणी दुकानाच्या पाट्या वाचतो, कुणी चपलेचा पट्टा नीट करतो. नव्या पेठेत एक गृहस्थ प्रत्येक साडीच्या दुकानासमोर थांबायचे. बायकोला वाटायचं, आता तरी घेतील.

घोटाळा होतो तो आपल्या बोलीमुळं. आपल्याकडं ‘नस’ हा एकच शब्द तीन नोकऱ्या करतो. हृदयाकडून पायाला रक्त नेणारी धमनी, तीही नस. पायातलं रक्त वर परत नेणारी शीर, तीही नस. आणि मेंदूचा निरोप नेणारा मज्जातंतू, तोही नसच. पेशंट म्हणतो ‘नस धरलीय’, ऐकणारा आपल्या मनातली नस घेतो. म्हणून तुमच्या घरी एकाच पायावर पट्टाही आला आणि पायमोजेही.

मणक्यातला मज्जातंतू दबला असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही. माणसाला बसावं लागतं, नाहीतर वाकावं लागतं. असा पेशंट भाजीचा हातगाडा ढकलत वाकून लांबवर जातो, सायकल तासभर मारतो, आणि मोकळ्या हातांनी ताठ चालायला लागला की पाय भरून येतात. त्याचं अंतरही रोज वेगळं असतं, आज चौकापर्यंत, उद्या दारातच. शिरा फुगल्या असतील तर दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, आणि पाय उशीवर उंच ठेवला की बरं वाटतं. तुमच्या मालकांना बरं वाटतं ते पाय खाली सोडल्यावर. नेमकं उलटं. हृदयाच्या दाबाला जे पोचवता येईना, ते खाली ओघळून तरी पोचावं, म्हणून रात्री आपोआप पाय खाटेखाली जातो. यंत्रमागासमोर बारा-बारा तास उभं राहिलेल्यांच्या शिराही फुगतातच, त्यामुळं भावजींनी शिरा पाहिल्या असतील ते खोटं नाही. पण फुगलेल्या शिरा डोळ्यांना दिसतात आणि बुजलेली धमनी दिसत नाही, तिथं माणूस फसतो.

तिसरं दुखणं शुगरचं. तळपायाची आग, मुंग्या, कापसावर चालल्यासारखं. ते दोन्ही पायांना सारखं होतं आणि चालण्या-थांबण्याशी त्याचा संबंध नसतो. अडचण अशी, की शुगरवाल्याला हे आणि धमनीचं दोन्ही एकदम असू शकतं, आणि मग बधिर पाय धमनीचं दुखणंही झाकून टाकतो. म्हणून जखम दुखत नाही, हे शुगरवाल्याच्या बाबतीत चांगलं लक्षण समजू नका.

आत नेमकं काय होतं? आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा हे समजवायला मला सोलापूरकरांपुढं फार बोलावं लागत नाही. जुन्या लोखंडी पाइपला आतून खपली धरते. एक नळ बारीक सोडला तर बादली भरते, कळतसुद्धा नाही. पण वरच्या मजल्यावर मोटर लावली की धार तुटते. बसलेल्या पायाला रक्त थोडंच लागतं, अरुंद धमनीतूनही भागतं. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू कैकपटीनं जास्त मागतो, ते मिळत नाही, आणि गोळा येतो. ही खपली चरबीची आणि पुढं चुन्यासारख्या कॅल्शियमची असते. धूम्रपान, शुगर, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, किडनीचा आजार आणि वय ही ती वाढवणारी मंडळी. तुमच्याकडं यातली विडी, शुगर आणि वय ही तीन नक्की आहेत, बाकीची तपासून घ्या. पोटरी दुखते तेव्हा अडथळा बहुतेक मांडीतल्या धमनीत असतो. कुल्ला आणि मांडी दुखत असेल तर तो त्याहून वर, पोटात असतो, आणि अशा पुरुषांत लैंगिक ताठरताही कमी होते. ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवली.

एक कबुली देतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांना मी सहा महिने वेदनाशामक आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. तक्रार हीच, पोटरीत गोळा. दर वेळी ते बूट-मोजे घालून समोर बसायचे आणि दर वेळी मी चिठ्ठी लिहायचो. सहा महिन्यांनी पावसात भिजून आले, मोजे काढून बसले, तेव्हा पाहिलं, तर एक पाय दुसऱ्याहून फिका आणि गार, नडगीवरचे केस गेलेले, नखं जाड झालेली. नाडी लागेना. त्या दिवसापासून पायाची तक्रार असलेल्या माणसाचे दोन्ही पाय उघडे केल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

तुम्हालाही बघता येईल. पायाच्या अंगठ्याकडं जाणारी जी कंडरा अंगठा वर उचलल्यावर ताठ दिसते, तिच्या लगत बाहेरच्या बाजूला, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, तर्जनी आणि मधलं बोट हलकं टेका. अंगठ्यानं बघू नका, त्याची स्वतःची नाडी असते. दाबू नका, दाबलं की हरवते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागं, टाचेच्या खोबणीत. आधी स्वतःच्या पायावर सापडते का बघा, मग मालकांच्या उजव्या पायावर, मग डाव्या. वरची नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मतःच लागत नाही, पण घोट्यामागची आणि वरची दोन्ही नसतील तर डॉक्टरांना तसं सांगा. सापडली नाही म्हणून घाबरू नका, आणि सापडली म्हणून दवाखाना टाळू नका. तुमच्या हाताला विडी वळायची सवय आहे, बोटं माझ्याहून बारीक काम करतात, जमेल.

दवाखान्यात पहिली तपासणी अगदी साधी असते. हाताला बांधतात तसाच पट्टा घोट्याला बांधून पेनाएवढ्या डॉपलर यंत्रानं तिथला रक्तदाब बघतात आणि त्याला हाताच्या दाबानं भागतात. समजा हाताचा वरचा आकडा १४० आणि घोट्याचा ८४, तर ८४ भागिले १४०, म्हणजे ०.६. निरोगी माणसात हा आकडा १ ते १.४ असतो. ०.९ किंवा त्याखाली गेला की धमनीत अडथळा आहे, आणि ०.४ च्या खाली गेला तर फार वाईट. शुगरवाल्यांत मात्र एक फसगत असते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती पाइपासारखी कडक होते, पट्ट्यानं दबतच नाही, आणि आकडा खोटाच चांगला येतो, कधी १.४ च्याही वर जातो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं कुणी सांगितलं आणि जखम तशीच असेल, तर हे नक्की विचारा.

त्यानंतर कलर डॉपलर सोनोग्राफी होते, आणि काही करायचं ठरलं तर सीटी अँजिओग्राफी. तिच्यात शिरेतून औषध सोडतात, ते किडनीला जड जाऊ शकतं, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर सांगा, गरज पडली तर थोडे दिवस थांबवतात.

आता कापण्याची भीती. गल्लीत दोघांचं तसं झालं म्हणता. झालं असेलही. पण ते दवाखान्यात कधी गेले ते एकदा विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बोट काळं ठिक्कर पडल्यावर.’ कापतील म्हणून जायचं नाही, न गेल्यामुळं सडायचं, आणि मग गेल्यावर कापायचंच उरतं. चौथा माणूस हे बघून पुन्हा दवाखान्याला भितो. मालकांना माझ्या नावानं सांगा, की नुसता पोटरीत गोळा येणाऱ्या पेशंटांपैकी पाच वर्षांत पाय गमावणारे शंभरात एक ते तीन असतात. शुगर असेल आणि विडी चालूच राहिली तर हा आकडा वाढतो, आणि जखम झाली की हिशेबच बदलतो. म्हणून तर घाई करतोय. आधी रक्त पोचवायचं, मग बोटाचं काय ते ठरवायचं, हा क्रम आहे. रक्त न पोचवता नुसतं बोट काढलं तर ती नवी जखमही भरत नाही, आणि मग पुढचं कापणं येतं. कुणी डॉपलर न करता थेट बोट काढू म्हणालं, तर नम्रपणे विचारा, ‘रक्त किती पोचतंय ते आधी बघाल का?’ फक्त पू पसरत असेल, जीवावर बेतलं असेल, तेव्हा हा क्रम मोडावा लागतो.

रक्त पोचवायच्या दोन वाटा. एक म्हणजे जांघेतून बारीक नळी घालून आतला फुगा फुगवायचा, लागला तर स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायचा. दुसरी, पायातलीच चांगली शीर काढून अडथळ्याला वळसा घालायचा, म्हणजे बायपास. असा बायपास मांडीच्या धमनीवर पॅरिसमध्ये १९४८ साली जाँ कुनलँ यांनी पहिल्यांदा केला. नळीची गोष्ट तर मला फार आवडते. १६ जानेवारी १९६४, आपल्याकडं गड्डा भरलेला असतो ते दिवस. अमेरिकेत पोर्टलँडला ८२ वर्षांची एक बाई, पायाची बोटं काळी पडलेली. सर्जन म्हणाले पाय काढू, बाई म्हणाल्या अजिबात नाही. तेव्हा चार्ल्स डॉटर नावाच्या एक्स-रे विभागाच्या डॉक्टरनं तिच्या मांडीच्या धमनीत एकात एक बसणाऱ्या नळ्या सरकवून वाट मोकळी केली. पाय वाचला आणि ती मरेपर्यंत त्याच पायांनी चालली. आज हृदयाची अँजिओप्लास्टी गावोगावी होते, तिची सुरुवात अशी पायापासून आहे. म्हणजे पाय न कापू देणाऱ्या हट्टी पेशंटचे आपल्यावर उपकारच आहेत. फक्त ती बाई दवाखान्यात जाऊन हट्ट करत होती.

दोन डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या तर त्यातला एक लुटतोय असं लगेच समजू नका. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चांगली शीर असेल तर बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात गुडघ्याखालच्या धमन्यांच्या पेशंटांत फुग्यानं बरे परिणाम दिले. अडथळा कुठं आहे, शीर कशी आहे, हृदय मोठं ऑपरेशन सोसेल का, यावर ते ठरतं. शहरात रक्तवाहिन्यांचे सर्जन मिळाले नाहीत तर पुण्याला पाठवतील. जा.

खर्चाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, आणि योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, भरती व्हायच्या आधीच त्याला भेटा. तुमची प्रक्रिया कुठल्या पॅकेजात बसते ते तो सांगेल. ‘विना ऑपरेशन ब्लॉकेज साफ’ अशा जाहिराती बघून सलाइनमधून औषध सोडून धमन्या धुण्याचे कोर्स घेऊ नका. त्यानं पायाच्या धमन्या उघडतात असा पुरावा नाही, आणि तुमच्याकडं घालवायला ना तेवढा पैसा आहे ना तेवढे दिवस.

औषधं कायमची असतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, खपली शांत राहावी म्हणून स्टॅटिन, मग ती कोलेस्टेरॉलचा आकडा बरा असला तरीही. चालण्याचं अंतर वाढवणारी सिलोस्टॅझॉल नावाची गोळी आहे, पण हृदयाचं पंपिंग कमी असलेल्याला ती चालत नाही. म्हणून दुकानातून परस्पर काही आणू नका. आणि ईसीजी काढून घ्या. पायाची धमनी बुजते त्याची हृदयाची आणि मेंदूची कोरी नसते. असे पेशंट पाय जाऊन मरत नाहीत, बहुतेक हार्ट अटॅकनं किंवा लकव्यानं जातात.

विडीचं लिहायला हात जड होतो. तुमच्या घराची चूल विडीवर पेटते, हे मला कळतं. या शहरात हजारो घरांत बाई सुपात तंबाखू घेऊन बसते तेव्हा पोरांची फी निघते. तुम्ही वळणं सोडा असं मी इथं बसून सांगणार नाही. पण मालकांचं ओढणं सुटल्याशिवाय वरचं काहीही टिकत नाही, फुगाही नाही आणि बायपासही नाही. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी तंबाखूवाल्या तरुण पुरुषांच्या हातापायांच्या धमन्या बुजण्याचा आजार नीट मांडला. आपल्याकडं विडी ओढणाऱ्यांत तो पुष्कळ दिसतो, पंचविशी-तिशीतल्या पोरांची बोटं जातात. मालकांचं वय आणि शुगर बघता त्यांचं दुखणं बहुतेक खपलीचंच, पण दोन्हींत विडी तीच. कमी करून चालत नाही. मळून खाल्ली, मिश्री लावली, तरी तंबाखू ती तंबाखूच. घरात एक करा. वळलेल्या विड्या त्याच दिवशी कारखान्यात मोजून देत चला, रात्री घरात उरू देऊ नका. हाताला लागली नाही तर निम्मी लढाई सोपी होते. तलफ आली तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, समुपदेशक बोलतात. निकोटीनचं च्युइंगम आणि गोळ्याही मिळतात, डॉक्टरांना विचारा.

चालणं बंद करावं का? जखम आहे तोवर हो. त्या अंगठ्यावर भार नको. जखम भरून रक्त नीट पोचायला लागल्यावर मात्र चालणं हेच औषध होतं, आणि ते डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावरच. गोळा येईपर्यंत चालायचं, बराच दुखला की थांबायचं, गेला की परत चालायचं, असं मिळून अर्धा-पाऊण तास, आठवड्यात किमान तीन दिवस, निदान तीन महिने. दुखतंय म्हणजे इजा होतेय असं यात नसतं. स्नायू कमी रक्तात भागवायला शिकतो, आसपासच्या बारीक वाहिन्याही थोडा भार उचलतात. मिरवणुकीला मोठा रस्ता बंद झाला की रिक्षावाले बोळातून वाट काढतातच. कंबर तलावाची फेरी सकाळी बरी, बसायला कट्टेही आहेत. त्या लाइटच्या खांबाच्या पुढं किती पावलं गेली ते मुलीला रोज वहीत लिहायला सांगा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पाय अचानक, तासा-दोन तासांत, पांढरा फटक आणि बर्फासारखा गार पडला, प्रचंड दुखायला लागला, मुंग्या येऊन बोटं हलेनाशी झाली, तर ती गुठळी अडकल्याची खूण. तेव्हा साधारण सहा तासांचा अवधी असतो. चोळू नका, शेकू नका, तडक मोठा दवाखाना.

राहिला गड्डा. यंदा नाही. नुसतं चालायचं नाही एवढंच नव्हे, अनवाणी तर यापुढं कधीच नाही. शुगरच्या पायाला खडा रुतलेला कळत नाही आणि मे महिन्यात देवळाच्या फरशीवर फोड आलेले मी बघितलेत. त्यांना वाईट वाटेल. तीस-तीस वर्षं बाळीवेशीतून निघणाऱ्या काठ्यांमागं चाललेल्या माणसाला घरी बस म्हणणं सोपं नाही. बसवूही नका. ऑपरेशन झालेलं असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर रिक्षानं आधीच मिरवणुकीच्या वाटेवरच्या कुणा ओळखीच्याच्या कट्ट्यावर नेऊन, पायात मऊ बंद चप्पल घालून, खुर्चीवर बसवा. सातही नंदीध्वज तिथूनच जातील.

आणि उद्या दवाखान्यात जाताना त्यांना एक विचारून घ्या. मागच्या वर्षी कुठल्या लिंगापासून परत फिरलात, आणि त्याच्या आदल्या वर्षी कुठवर गेला होतात? दोन्ही ठिकाणं चिठ्ठीवर लिहून त्या पायमोज्यांसोबत पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरांच्या हातात द्या.